काळा स्प्रे मारून भागेल का? इंजिन रूम आणि चाकांवरच्या कमानींचा रंग

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोलताना अडखळलेलं तेवढं काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग रंगावर आहे. पण दारांच्या, बोनेटच्या चमकदार रंगावर नाही. जिथे कोणी पाहत नाही आणि गाडी सडायला सुरुवात होते, त्या दोन जागांवर. एक बोनेटखालची जागा, आपल्याकडे मेकॅनिक तिला सरळ 'इंजिन रूम' म्हणतात. दुसरी चाकाच्या वरची कमान, म्हणजे मडगार्डची आतली बाजू. गाडी धुतानाही तिथे आपला पाइप फार तर दोन सेकंद फिरतो.

विषय निघाला तो येरखेड्याच्या एका मित्राच्या व्हॉइस मेसेजवरून. त्याच्याकडे २०११ची पांढरी वॅगन-आर आहे, मामाकडून घेतलेली. १५ वर्षं पूर्ण होत आलीत, म्हणजे आरसीचं नूतनीकरण समोर आहे. त्याआधी गाडी 'नीट' करायची आहे. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, इंजिन रूम आणि चारही कमानी एकाच काळ्या अंडरकोटने मारून देतो, एका दिवसात नवीकोरी दिसेल. याला ते महाग वाटलं. म्हणून हा म्हणतो, "दादा, त्यापेक्षा मी ऑनलाइन काळ्या स्प्रेचे सहा डबे मागवतो आणि घरीच शटर लावून मारतो. कोणत्या कंपनीचे घेऊ?"

भाऊ, कंपनीचं नंतर पाहू. दोन्ही जागांना एकच रंग घ्यायचा, हा विचारच आधी सोडायला लागेल. आणि शटर लावून मारायचं तर अजिबातच नाही. का, ते सांगतो. आजचा भाग थोडा लांबेल.

बघा, रंग निवडताना आपण दुकानात जाऊन 'चांगला कोणता?' असं विचारतो. त्याऐवजी त्या जागेला त्रास कशाचा आहे ते विचारायचं. इंजिन रूममध्ये दगड उडत नाहीत. तिथे उष्णता आहे, इंजिन ऑइल आहे, कधी पेट्रोल गळतं, ब्रेक ऑइल सांडतं, बॅटरीचं ॲसिड असतं. कमानीत उलटं. तिथे उष्णता नावाला आहे, पण टायर गिट्टी फेकून मारतो, चिखल चिकटतो आणि पाणी कोपऱ्यात दिवसेंदिवस बसून राहतं. एका जागेला रसायन सोसणारा, टणक, पुसून निघेल असा थर पाहिजे. दुसरीला मार खाऊन न तुटणारा, जाड, थोडा रबरासारखा थर पाहिजे. हे दोन्ही गुण एका डब्यात क्वचितच मिळतात.

आता आपल्या कामठीचं हवामान यात घाला. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. मग जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत पाऊस, वर्षाचा मिळून साधारण १,१०० मिलिमीटर आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. वर कन्हानच्या रेतीचे ट्रक, कोळशाची वाहतूक, कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख. ही बारीक धूळ कमानीच्या दुमडलेल्या काठात जाऊन बसते आणि ओली झाली की ओलच धरून ठेवते. त्यात आपली काळी माती. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, ते पाणी पिऊन फुगतं आणि सहजासहजी सोडत नाही. पावसाळ्यात बूट काढताना जो अर्धा किलो चिखल तळव्याला लटकतो ना, तोच तुमच्या कमानीत आत लटकलेला असतो. बाहेरून गाडी वाळलेली दिसते, आत पत्रा ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखा असतो.

म्हणून रंगाच्या आधी गंजाचं बोलू. (आमच्या नागपुरी घरांत 'गंज' म्हणजे पातेलंसुद्धा. इथे गंज म्हणजे लोखंडावरचा तांबेरा.) गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. त्यामुळे तो वरच्या रंगाला फुगवतो, फोड येतात, फोड फुटला की आणखी पाणी आत. अशा जागेवर तुम्ही जाड काळा अंडरकोट मारला तर काय होतं? फोड दिसेनासा होतो. पाणी आणि हवा मात्र कुठल्या ना कुठल्या फटीतून आत जातच राहते, फक्त आता वाळायला वाट नसते. दोन पावसाळ्यांनी तो काळा थर तुम्ही नखाने उचलला तर पापुद्र्यासारखा निघतो आणि मागे पत्र्याऐवजी भुसा हातात येतो.

आमच्या इकडे एक जुने डेंटर-पेंटर चाचा आहेत, त्यांची भाषा ऐका: "गंजावर काळं फासलं म्हणजे चोराले घरात कोंडून बाहेरून कुलूप लावलं. तो आतून खाऊन राह्यते ना बाबू!" रसायनशास्त्राच्या पुस्तकात हेच चार पानं घेतं.

तर गॅरेजवाल्याचं 'एका दिवसात नवीकोरी' इथेच बाद होतं. एका दिवसात धुणं, वाळवणं, घासणं, प्रायमर आणि त्यावर रंग होऊच शकत नाही. एका दिवसात फक्त झाकता येतं.

आधी इंजिन रूम घेऊ.

पहिला गैरसमज: 'इंजिन गरम होतं, म्हणून हीट-प्रूफ रंग पाहिजे.' दुकानात ६०० अंश सेल्सिअस लिहिलेला सिल्व्हर किंवा काळा स्प्रे मिळतो. आकडा पाहून वाटतं, हाच सगळ्यात दणकट. पण तो रंग सायलेन्सर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डसाठी असतो. मॅनिफोल्ड खरंच कित्येकशे अंशांपर्यंत तापतो. त्याच्या बाजूचा बॉडीचा पत्रा मात्र साधारण पाण्याच्या उकळण्याच्या तापमानाच्या आतच राहतो, बऱ्याच जागी त्याहून खूप कमी. आता गंमत अशी, की हे हीट-प्रूफ रंग बहुतेक सिलिकोन रेझिनचे असतात आणि ते पक्के व्हायलाच भरपूर उष्णता लागते, साधारण २०० अंशांच्या आसपास. मॅनिफोल्डवर ती आपोआप मिळते. एप्रनवर, म्हणजे इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या आतल्या पत्र्यावर, ती कधीच मिळत नाही. मग तो रंग आयुष्यभर कच्चा राहतो आणि पेट्रोलचं फडकं लागलं की काळं फडक्यावर येतं. म्हणजे महागडा रंग चुकीच्या जागी साध्या रंगाहून वाईट.

दुसरा पर्याय आपल्या मित्राचा, साधा ॲक्रिलिक स्प्रे डबा. याला 'वन-के' म्हणतात, म्हणजे एकाच डब्यातला, नुसता थिनर उडून वाळणारा. जो रंग थिनर उडून वाळतो तो थिनरसारखं काही सांडलं की परत विरघळतो. पेट्रोलने तो मऊ पडतो. जुना एनसी लॅकरही याच जातीचा. आरशाच्या मागे, दाराच्या हँडलवर ठीक आहे. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या मारुती ८०० मध्ये किंवा इंजेक्टरचा पाइप वारंवार निघणाऱ्या गाडीत तो टिकणार नाही.

मग काय? टू-के पीयू. दोन डबे, रंग वेगळा आणि हार्डनर वेगळा. दोन्ही मिसळले की रासायनिक जोडणी होते आणि थर असा घट्ट होतो की पेट्रोल, इंजिन ऑइल सांडलं तरी पुसून घेता येतं. बाहेरच्या बॉडीला आज जे चांगले गॅरेजवाले मारतात तेच हे. ब्रेक ऑइल मात्र यालाही सोडत नाही. आपल्या गाड्यांतलं डॉट ३, डॉट ४ ब्रेक ऑइल ग्लायकॉल जातीचं असतं, जास्त वेळ राहिलं तर रंग सोलून काढतं. चांगली गोष्ट ही की ते पाण्यात विरघळतं. सांडलं की लगेच पाणी ओता, फडक्याने पसरवत बसू नका.

रंग कोणता, म्हणजे शेड? मी म्हणेन बॉडीचाच. मारुतीच्या जुन्या पांढऱ्याचं नाव सुपीरिअर व्हाइट, कोड २६यू, रंगाच्या दुकानात कोड सांगितला तरी मिसळून देतात. काही जणांना इंजिन रूम काळी कुळकुळीत आवडते, रील्समध्ये भारी दिसते. पण काळ्यावर ऑइलची गळती दिसत नाही. पांढऱ्यावर टॅपेट कव्हरमधून पाझरणारा एक थेंबसुद्धा दुसऱ्या दिवशी कळतो. आणि मॅट तर घेऊच नका. मॅटचा पृष्ठभाग खरखरीत, त्यात ग्रीस बसलं की निघत नाही. ग्लॉस किंवा सेमी-ग्लॉस घ्या. कंपनीतून येताना इंजिन रूमला रंगाचा हात बऱ्याचदा पातळच असतो. खाली जो इलेक्ट्रो-कोट असतो, अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने चढवलेला, खरं रक्षण तोच करतो. त्याची जाडी जेमतेम २० मायक्रॉनच्या आसपास. तो शाबूत असेल तिथे उगाच घासून पत्रा उघडा करू नका. नुसता स्कॉच-ब्राइटने धार मोडून, स्वच्छ करून वरून रंग मारा.

बॅटरीची ट्रे हा वेगळा विषय आहे. तिथे गंज जवळजवळ ठरलेला, कारण ॲसिडची वाफ आणि थेंब. बॅटरी काढा, आधी निगेटिव्ह तार, मग पॉझिटिव्ह. स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ओता. फेस येत राहतो तोवर ॲसिड आहे असं समजायचं. फेस थांबला की पाण्याने धुऊन वाळवा. हे न करता प्रायमर मारला तर खालचं ॲसिड त्याला वर्षभरात सोडवून टाकतं.

अर्थिंगच्या जागा, म्हणजे जिथे काळी तार बोल्टने पत्र्याला लावलेली असते, तिथे रंग जाऊ देऊ नका. रंगवून टाकल्या तर स्टार्टर कधी चालतो कधी नाही, लाइट मंद, आणि मग इलेक्ट्रिशियनकडे चकरा. टेप लावून झाकायचं.

आणि एक जागा सगळ्यात महत्त्वाची. यासाठी या मित्राला मी वेगळा फोनही केला. चेसिस नंबर. बऱ्याच मारुती गाड्यांत तो इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर ठोकलेला असतो. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते, पुढे ५ वर्षांसाठी नूतनीकरण होतं आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. तिथे हा नंबर कागदाशी जुळवून पाहतात. कागद ठेवून पेन्सिल घासून त्याचा छाप काढायची पद्धत तुम्ही पाहिली असेल. आता त्या नंबरवर गॅरेजवाल्याने जाड काळा थर मारला तर छाप उमटेल का? किंवा गंज काढताना कोणी तिथे ग्राइंडर फिरवला आणि आकडे पुसट झाले तर? नंबरशी छेडछाड झाली असा संशय आला की गाडी कितीही चकचकीत असो, काम अडतं. आपल्याकडे एमएच-४०ची गाडी असेल तर आधीच एक दिवस जातो, त्यात हे नको. तिथे हाताने, मऊ ब्रशने साफ करायचं, पातळ एक हात प्रायमर, पातळ एक हात रंग, बस. पुट्टी, म्हणजे आपली लांबी, त्या जागेच्या आसपाससुद्धा नको.

(बाहेरचा रंग पूर्ण बदलायचा असेल तर त्याची नोंद आरसीवर करावी लागते, हेही याच निमित्ताने. आपल्या मित्राला पांढऱ्याचं पांढरंच ठेवायचंय, त्याला हा प्रश्न नाही.)

आता चाकाच्या कमानी. पैसे वाचवायचे असतील तर इंजिन रूममध्ये वाचवा, इथे नको.

आधी पाहा, प्लॅस्टिकचं लायनर आहे का. पुढच्या चाकांना बहुतेक गाड्यांत असतं, मागच्या चाकांना जुन्या छोट्या गाड्यांत बऱ्याचदा नसतं, पत्रा उघडाच. लायनर असेल तर ते काढा. क्लिप तुटतात, नव्या काही रुपयांत मिळतात. लायनरच्या मागे जी माती निघते ना, ती पाहून पहिल्यांदा सगळेच चाट पडतात. कडुनिंबाची पानं, रेती, चिखल, कधी उंदराचं घरटं. ते काढून पाण्याने धुतलं आणि खालची निचऱ्याची भोकं तारेने मोकळी केली, तर रंगाविनासुद्धा गाडीचं आयुष्य वाढतं. हे काम फुकट आहे. दर वर्षी दसऱ्याच्या आसपास, पाऊस संपला की करून टाकायचं.

मग गंज. सैल पापुद्रे तारेच्या ब्रशने, ८० नंबरच्या पेपरने काढायचे. मागच्या चाकाजवळून बऱ्याच गाड्यांत पेट्रोल भरायचा पाइप टाकीकडे जातो, शेजारून ब्रेकचे पाइपही. तिथे ग्राइंडर लावून ठिणग्या उडवायच्या नाहीत. हाताने घासा, वेळ लागू द्या. पत्र्यात बारीक खड्डे राहतात, त्यातला गंज पूर्ण निघत नाही, तिथे रस्ट कन्व्हर्टर लावायचं. त्यात टॅनिक किंवा फॉस्फोरिक ॲसिड असतं, ते उरलेल्या गंजाला स्थिर संयुगात बदलतं, टॅनिकवालं काळं पडतं. पण हे उरलेल्या गंजासाठी आहे. पापुद्र्यावर लावलं तर वरचा थर बदलतो आणि खालचा तसाच. आणि पेचकसाचं टोक दाबून पाहिलं, पत्रा आत गेला, तर ते रंगाचं काम राहिलं नाही. तिथे कापून नवा पत्रा वेल्ड करायचा. पुट्टीने भोक भरून वर अंडरकोट मारणारे खूप आहेत. पुट्टी स्वतः पाणी शोषते. विकायच्या गाडीला चालतं म्हणतात. पण विकत घेणारा उद्या तुम्हीच असाल.

त्यावर प्रायमर. आपल्याकडे सवय रेड ऑक्साइडची, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, ग्रिल-गेटला लावतात. त्याचा थर थोडा सच्छिद्र असतो, ओल हळूहळू आत उतरते. टू-के एपॉक्सी प्रायमर उघड्या पत्र्याला घट्ट धरतो आणि पाण्याला जवळजवळ वाट देत नाही. महाग आहे, पण अख्ख्या कामात एकच महाग वस्तू घ्यायची असेल तर ही घ्या. एपॉक्सी उन्हात भुकटीसारखा होतो, तो त्याचा दोष, पण कमानीत आणि बोनेटखाली ऊन येतच नाही. छोट्या गाडीच्या चार कमानींना साधारण एक लिटरच्या आत-बाहेर लागेल.

एपॉक्सी वाळला की जिथे दोन पत्रे एकमेकांवर जोडलेत तिथे सीम सीलर भरायचा. कंपनीचा जुना सीलर १५ वर्षांत कडक होऊन तडकलेला असतो आणि पाणी त्याच तडीतून आत जातं. हे कोणीच करत नाही, कारण दिसत नाही.

आणि आता वरचा मार खाणारा थर. इथे तीन-चार जाती आहेत. सगळ्यात स्वस्त डांबराचा काळा अंडरकोट, तोच गॅरेजवाल्याचा. चांगल्या प्रायमरवर मारला तर सुरुवातीला ठीक, पण आपल्या उन्हाळ्यात मऊ, हिवाळ्यात कडक, असं करत करत तो काही वर्षांत तडकतो. त्यावर दुसरा रंगही नीट बसत नाही, डांबर वर पाझरून डाग पडतात. मेणाचं कोटिंग असतं, त्यात खरवडलं तरी ते परत सरकून भरतं. पण धूळ चिकटते आणि दर वर्षी पुन्हा मारायला लागतं. पोकळ भागांच्या आत, जिथे हात जात नाही, तिथे मात्र मेणच उत्तम. तिसरं, रंग बसू शकेल असं स्टोन-चिप कोटिंग. डब्यावर 'ओव्हरपेंटेबल' लिहिलेलं असतं, ते पाहून घ्यायचं. दाणेदार, थोडं लवचिक, वर पीयू रंगाचा हात मारता येतो. चौथं, पिकअपच्या हौद्याला मारतात ते जाड पीयू. दणकट, पण या गाडीला गरजेपेक्षा जास्त.

माझं मत, एपॉक्सी, सीलर, मग तिसऱ्या जातीचं स्टोन-चिप, आणि त्यावर राखाडी किंवा बॉडीच्या रंगाचा एक हात. काळा का नाही? इंजिन रूमचंच कारण. राखाडीवर तांबूस ठिपका उठला की टायर बदलताना दिसतो आणि पेन्सिलीएवढी जागा दुरुस्त करून काम भागतं. काळ्यावर तो हाताएवढा झाल्यावर कळतो. लायनरच्या मागे झाकला जाणारा जो भाग आहे तिथे स्टोन-चिपचीही गरज नाही. गिट्टी तिथवर पोचत नाही, एपॉक्सी आणि साधा पीयू पुरे.

खरंच खिशात पैसे कमी असतील तर? नीट घासून रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर सिंथेटिक इनॅमल, ब्रशने. ट्रक आणि ट्रॉल्यांवर वर्षानुवर्षं हेच चालतं. दोन वर्षांनी पुन्हा लावायला लागेल, पण गंजावर डांबर फासण्यापेक्षा हजारदा बरं. फक्त एक, ताज्या इनॅमलवर पुढे टू-के रंग फवारू नका. त्याचा थिनर खालच्या इनॅमलला उकलतो आणि सुरकुत्या पडतात.

डांबराच्या अंडरकोटबद्दल अजून एक. तो इंजिन रूममध्ये मारायचाच नाही, काहीही झालं तरी. गरम जागेत तो मऊ होतो, ओघळतो, वास मारतो आणि मुळात तो पेटणारा पदार्थ आहे. एक्झॉस्टच्या शेजारी पेटणारा थर कोणी स्वतःहून लावत नाही. कमानीतही सायलेन्सरच्या पाइपवर, ब्रेक डिस्कवर, रबरी ब्रेक पाइपवर, सस्पेन्शनच्या बुशवर आणि निचऱ्याच्या भोकांवर काही उडू द्यायचं नाही. प्लॅस्टिकची पिशवी आणि टेप, अर्ध्या तासाचं काम.

आता ती शटरची गोष्ट. मी पीयू सुचवला, म्हणून हे सांगणं माझी जबाबदारी आहे.

टू-के पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. नाव ओळखीचं वाटतंय? १९८४च्या डिसेंबरमध्ये भोपाळला जो वायू गळला तो मिथाइल आयसोसायनेट होता. घाबरवत नाही, हार्डनरमधलं रसायन तेच नाही आणि ते तसं हवेत पटकन उडतही नाही. पण त्याच कुटुंबातलं आहे आणि गनमधून फवारलं की त्याचे बारीक थेंब थेट फुप्फुसात जातात. त्याने दमा होऊ शकतो. तोही असा, की एकदा शरीराला त्याची ॲलर्जी जडली की पुढे अगदी थोड्या प्रमाणानेही छाती आवळते. रंगाचं काम करणाऱ्यांना काम सोडायला लागतं ते यामुळे. वास येत नाही म्हणजे धोका नाही, असंही नाही. रुमाल, कोविडवेळचा मास्क, धुळीचा मास्क, यातलं काहीही चालत नाही. यासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क लागतो आणि तो घरी कोणाकडे नसतो. साध्या वन-के डब्यातही बंद खोलीत थिनरची वाफ साठते, चक्कर येते आणि एका ठिणगीने भडका उडू शकतो. शटर लावून तर नाहीच नाही.

मग घरी काय करायचं? बरंच काही. धुणं, लायनर काढणं, घासणं, कन्व्हर्टर, टेपिंग, आणि एपॉक्सी प्रायमर ब्रशने लावणं. एपॉक्सीच्या हार्डनरमध्ये बहुतेक वेळा आयसोसायनेट नसतं, अमाइन असतं. ते कातडीला त्रास देतं, म्हणून नायट्राइलचे हातमोजे, डोळ्याला चष्मा आणि मोकळी हवा. घेताना डब्यावरचं मात्र वाचा. कमानीत ब्रशच्या रेषा कोण पाहणार? उलट ब्रशने प्रायमर फटीत छान दाबला जातो. शेवटचा पीयूचा हात गनने मारायला पेंटरकडे द्या. अर्धी मजुरी वाचते, कारण पेंटरचे पैसे खरे घासण्यातच जातात. आणि तुमचा पेंटर स्वतः रुमाल बांधून फवारत असेल तर त्याच्याशीही या विषयावर दोन शब्द बोला. वयाने मोठे असतील तर जरा जपून, पण बोला.

साफसफाईत एक छुपा शत्रू आहे, डॅशबोर्ड पॉलिश. सर्व्हिसिंगनंतर इंजिन रूम चमकावी म्हणून काही जण ते सगळीकडे फवारतात. त्यात सिलिकोन असतं. त्यावर रंग मारला की माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात, पेंटर त्याला 'फिश-आय'च म्हणतात. रॉकेल, डिझेलने ग्रीस निघतं, पण त्याचा तेलकट पापुद्रा राहतो. म्हणून आधी साबणाचं गरम पाणी, पूर्ण वाळवणं, आणि रंगाच्या अगदी आधी ग्रीस रिमूव्हरचं फडकं. एका फडक्याने ओलं, दुसऱ्या कोरड्याने लगेच टिपायचं. नाहीतर घाण फक्त जागा बदलते.

वेळ कोणती? मे महिन्यात नको. पत्रा इतका तापतो की रंग हवेतच वाळतो आणि पत्र्यावर खरखरीत भुकटी बसते. जुलै-ऑगस्टमध्ये तर नकोच, हवेतली ओल थरात अडकते, लॅकर असेल तर पांढुरका पडतो. आपल्याकडे नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी हा खरा हंगाम. डिसेंबरात रात्री चांगलंच गारठतं, एपॉक्सीला थंडीत पक्कं व्हायला वेळ लागतो. म्हणून सकाळी दहा-अकराला, दव पूर्ण उडाल्यावर सुरुवात करायची आणि दुपारी चारच्या आत हात आवरायचा. दोन हातांमधला वेळ डब्यावर लिहिलेला असतो. एपॉक्सीवर पुढचा थर किती तासांच्या किंवा दिवसांच्या आत मारायचा, हेही तिथेच असतं. ती मुदत उलटली तर परत पेपर मारून घासायला लागतं.

तर येरखेड्याच्या भावा, तुझा हिशोब असा. स्प्रेचे सहा डबे ऑर्डर करू नकोस. त्या पैशात कन्व्हर्टर, एक लिटर एपॉक्सी किंवा त्याचा मोठा भाग, सीलरची एक नळी आणि ८०, १८०, ३२०चे पेपर येतील. मागची दोन चाकं आधी काढ, कारण तुझ्या गाडीला तिथे लायनर नाही, मी फोटो पाहिले. उजव्या कमानीच्या मागच्या कोपऱ्यात जो फोड दिसतोय तिथे पेचकस दाबून पाहा आणि आत गेला तर मला परत फोटो पाठव, मग आपण वेल्डिंगचं बोलू. इंजिन रूममध्ये फक्त बॅटरीची ट्रे आणि डाव्या एप्रनचा तो तळहाताएवढा भाग कर, बाकीचा कंपनीचा रंग चांगला आहे, त्याला हात लावू नकोस. चेसिस नंबरचा आत्ताच मोबाइलवर स्पष्ट फोटो काढून ठेव, तारखेसकट. आणि गॅरेजवाल्याला नाही म्हणताना भांडू नकोस, टायरचं अलाइनमेंट त्याच्याकडेच करायचंय ना.